टीव्ही निळा कोणी केला

वडिलांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मागच्या चैत्रात नांदेडला झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. संध्याकाळी ते कुरुंद्याला घरी आले, पलंगावर बसले, काळा चष्मा काढला आणि समोर पाहत विचारले, "टीव्ही निळा कोणी केला?"

कोणीही केला नव्हता. मी, आई आणि धाकटा भाऊ, तिघेही खोलीत होतो. आम्हाला टीव्ही नेहमीसारखाच दिसत होता.

हा टीव्ही भावाने त्याच्या काही वर्षे आधी दिवाळीत घेतला होता. अर्धी भिंत व्यापणारा पडदा, खाली लांबट स्पीकर आणि कोपऱ्यात घुमणारा डबा. घरातच थिएटर, असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. वडिलांची तक्रार पहिल्या दिवसापासून होती. पडदा मळका आहे, ते म्हणत. वसमतच्या दुकानातून माणूस आला. त्याने वायरी तपासल्या आणि टीव्हीत काही खोट नसल्याचे सांगितले.

"मग समदी माणसं कावीळ झाल्यावानी काहून दिसून राहिली?" वडिलांनी विचारले.

त्या माणसाने रिमोट घेऊन रंगांच्या सेटिंगमध्ये 'वॉर्म'चे 'कूल' केले. वडील "अजून, अजून" म्हणत गेले, तसा तो निळेपणा वाढवत गेला. शेवटी ते म्हणाले, "आता बराबर."

आई दारात उभी होती. "आता समदे गारठल्यावानी दिसतेत," ती म्हणाली. "त्यायला शाली पांघरा."

सुरुवातीला आम्हालाही निवेदकांचे चेहरे थंडीत उभे राहिल्यासारखे वाटत. मग तसे वाटणे बंद झाले. कधी बंद झाले, हे आम्हा कोणालाच सांगता येत नाही.

सेटिंग बदलल्याचे फक्त आईच्या लक्षात होते, म्हणून त्या संध्याकाळी वडिलांच्या प्रश्नाला उत्तर दिले ते आईने. "तुमीच केला. दुकानाचं माणूस आलं तवा."

वडिलांनी उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा. पुन्हा उजवा. मग आईला धुतलेले धोतर आणायला सांगितले. भावाने पडद्यावर कोरा पांढरा फोटो लावला आणि आईने धोतर त्याच्या शेजारी धरले. ऑपरेशन न झालेल्या डाव्या डोळ्याने पाहून वडील म्हणाले, "दोन्ही सारखेच." उजव्याने पाहून म्हणाले, "टीव्हीला नीळ जास्त झाली." मग धोतराकडे बोट करून विचारले, "हे नवं हाय का?"

"जुनंच हाय, पोरीच्या लग्नातलं," आई म्हणाली.

ते बराच वेळ एकेक डोळा झाकून खोली पाहत राहिले. चुन्याची भिंत, दाराची चौकट, स्वतःचा तळवा. शेवटी आईकडे पाहिले.

"तुझे केस इतके पांढरे कधी झाले?"

"झाले तवा तुमी हळद बघत होते," आई म्हणाली.

आम्ही हसलो, तेही हसले. पण एका छताखाली, एकाच पडद्यासमोर बसून आम्ही इतकी वर्षे दोन वेगवेगळे रंग पाहत होतो, ही गोष्ट मला त्या रात्री फार मोठी वाटली. आणि त्यांच्या डोळ्यासाठी बदललेला रंग आम्ही आमच्या डोळ्यांनी खरा धरून चाललो होतो.

सकाळी ते अंगणात गेले. शिजवलेली हळद तिथे वाळत होती. आमच्या भागात हळकुंड मोडून आतला रंग पाहतात. या कामात वडिलांची नजर गावात मानली जाते. माल बाजारात नेण्याआधी लोक मूठभर हळकुंडे घेऊन त्यांच्याकडे येतात. ते मोडतात, पाहतात आणि एक शब्द सांगतात. त्यांना पाहायची असते ती गाभ्यातली लाली.

त्यांनी एक हळकुंड मोडले. डाव्या डोळ्याला नेहमीची लाली दिसली. उजव्याला लिंबासारखा पिवळा रंग दिसला. त्यांनी दुसरे मोडले, तिसरे मोडले. मग आत येऊन सांगितले, "डावा डोळा करायचा न्हाई."

डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची तारीख दिली होती. मोतीबिंदू फार पिकला तर काढायला अवघड जाईल, असे बजावले होते. भावाने ते सगळे पुन्हा सांगितले.

"नवा डोळा मला हळद कच्ची दाखवतो," वडील म्हणाले. "जुन्यानं आजवर फसवलं न्हाई. तोबी गेला तर लोकायला काय सांगू?"

"दादा, त्याच डोळ्यानं तुमी टीव्ही निळा केला," भाऊ वडिलांना म्हणाला.



दुपारी आई दोन सुपे घेऊन त्यांच्यासमोर बसली. ती एकेक हळकुंड मोडायची आणि अर्धा तुकडा एका सुपात, उरलेला अर्धा दुसऱ्या सुपात टाकायची. दोन्ही सुपे तिने हाताने ढवळली. "एक डोळा झाका अन् हे निवडा," ती म्हणाली. "मंग दुसरा झाका अन् ते निवडा."

वडिलांनी पहिले सूप डाव्या डोळ्याने निवडले. चांगल्याचा ढीग आणि हलक्याचा ढीग. दुसरे सूप उजव्या डोळ्याने निवडताना ते "कच्चं, समदं कच्चं" असे पुटपुटत होते, पण हात थांबत नव्हता. त्याचेही दोन ढीग झाले.

मग आम्ही चौघे जोड्या लावायला बसलो. मोडलेले हळकुंड फक्त आपल्याच अर्ध्याशी नीट जुळते. चांगल्यातल्या तुकड्याची जोडी चांगल्यातच सापडत गेली, हलक्यातल्याची हलक्यात. दोन डोळ्यांना रंग दोन दिसले होते आणि निवड एकच झाली होती. हे होताना मी समोर बसून पाहिले, तरी मला ते अजून पुरते उलगडलेले नाही.

काही जोड्या मात्र फुटल्या. डाव्या डोळ्याने चांगल्यात टाकलेले ते तुकडे होते, उजव्याने त्यांचे दुसरे अर्धे हलक्यात टाकले होते. वडिलांनी ते दोन्ही अर्धे शेजारी धरून मोडलेल्या बाजूने पाहिले. गाभ्यात बारीक फिकट ठिपका होता, नीट न शिजल्याचा. आम्हा तिघांना तो सहज दिसत होता. त्यांनी उजवा डोळा झाकला. ठिपका दिसेना. उघडला. दिसला.

"कवापासून सुटत असन हे?" ते म्हणाले.

त्यांनी ते तुकडे हलक्याच्या ढिगात टाकले आणि भावाला डॉक्टरांची तारीख विचारली.

डाव्या डोळ्याचे ऑपरेशन वैशाखात झाले. ते घरी यायच्या आधी भावाने टीव्हीचे सेटिंग पहिल्यासारखे केले होते, ज्याला वडील कावीळ म्हणाले होते तेच. पट्टी निघाल्यावर संध्याकाळी वडील पलंगावर बसले आणि बातम्या संपेपर्यंत टीव्ही पाहिला. रिमोट त्यांच्या उशाशी होता. त्यांनी तो उचलला नाही.