ट्रॅकवरचे एकसष्ट सेंटिमीटर

"ट्रॅक छोटा आहे. एका फेरीला एकसष्ट सेंटिमीटर कमी," मी म्हणालो.

समोर ऑर्ला उभी होती. वय एकोणीस. आयर्लंडहून ग्लासगोला शिकायला आलेली, पंधराशे मीटर धावणारी. मागच्या शनिवारी याच ट्रॅकवर तिने ज्युनियर चॅम्पियनशिपसाठी लागणाऱ्या वेळेपेक्षा तीन दशांश सेकंद आधी शर्यत संपवली होती. पण ट्रॅकवर नवीन थर बसला होता. सर्व्हेयरचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत तिची वेळ धरली जाणार नव्हती. सर्व्हेयर मी. एन्ट्री शुक्रवारी बंद होणार, आज बुधवार, आणि पुढच्या वर्षी ती ज्युनियर राहणार नव्हती. ही २००६च्या उन्हाळ्यातली गोष्ट.

"पंधराशेला पावणेचार फेऱ्या. म्हणजे तू दोन मीटर एकोणतीस सेंटिमीटर कमी धावलीस."

"मिस्टर केळकर, तेवढी तर मी फिनिशनंतर धडपडत पुढे गेले. ते नाही धरता येणार?"

"नाही."

ती हसली. तिचा कोच हसला नाही.

ट्रॅक अगदी आतल्या कडेवर मोजत नाहीत, कारण कडेला चिकटून कोणी धावत नाही. कडेला कर्ब, म्हणजे उंच पट्टी, असेल तर पाय लागू नये म्हणून धावणारा जास्त लांब राहतो. तेव्हा तीस सेंटिमीटर बाहेरून मोजायचं. नुसती पांढरी रेघ असेल तर वीस. इथे रेघ होती. मी विसावर मोजलं. दोनदा.

"खात्री आहे?" ऑफिसात मार्गारेटने, माझ्या बॉसने, विचारलं.

"दोनदा मोजलंय."

"मग उद्या रिपोर्ट पाठव."

संध्याकाळी घरी सुनीता गोल टेबलक्लॉथ घेऊन बसली होती. "अहो, हा सगळीकडून दहा सेंटिमीटर वाढवला तर लेस किती जास्त लागेल?"

"त्रेसष्ट सेंटिमीटर," मी पेपर वाचता वाचता सांगितलं.

"टेबल केवढं आहे ते तरी विचारा!"

"गरज नाही. वर्तुळ केवढंही असो, दहा सेंटिमीटर बाहेर सरकलं की घेर तेवढाच वाढतो."

आणि मी पेपर खाली ठेवला. ट्रॅकचे दोन बेंड, म्हणजे टोकांची अर्धगोल वळणं, मिळून एक वर्तुळच होतं. तीस वजा वीस, दहा. म्हणजे त्रेसष्ट सेंटिमीटर, आणि ट्रॅक कमी पडत होता एकसष्ट.

लगेच ग्राउंड्समन बिलीला फोन लावला. "बिली, शनिवारी कर्ब होता का?"

"होता की! अ‍ॅल्युमिनियमचा. तुम्ही मोजायला येणार म्हणून मीच उचलून शेडमध्ये ठेवला. म्हटलं, तुमच्या टेपला अडचण नको."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

गुरुवारी सकाळी बिलीने कर्ब परत बसवला. नुसत्या त्याच्या शब्दावर सर्टिफिकेट देता येत नव्हतं. कोचने शर्यतीआधीचा रेफरीचा सही केलेला तपासणीचा कागद आणला. त्यात लिहिलं होतं, 'कर्ब पूर्ण बसवलेला'. ऑर्लाने मोजा खाली करून घोट्यावरचं खरचटलेलं दाखवलं. "दुसऱ्या फेरीत धक्का लागला आणि मी कर्बवर घासले. हाही पुरावा घ्या!"

"हा रिपोर्टला जोडता येत नाही."

"मग फोटो जोडा!"

तिसावर मोजलं. चारशे मीटर, दोन सेंटिमीटर. ट्रॅक बांधणारे थोडं जास्तच ठेवतात, कमी पडायला नको म्हणून.

"म्हणजे तू साडेसात सेंटिमीटर जास्त धावलीस," मी म्हणालो.

कोचने टोपी हवेत उडवली. बिलीने मला मिठी मारली, टेपसकट.

"मग तेवढी वेळ कमी करा ना!" ऑर्ला ओरडली.

"नाही."

मार्गारेटला मी सांगितलं, "माझं मोजमाप बरोबर होतं. कर्ब शेडमध्ये होता." सर्टिफिकेट त्याच दुपारी गेलं. ऑर्ला चॅम्पियनशिपला गेली, फायनलमध्ये सहावी आली आणि मला कार्ड पाठवलं: 'तिथला ट्रॅक कोणी मोजला होता? मला लांब वाटला.'

तेव्हापासून टेप उघडण्याआधी मी विचारतो, कालपर्यंत इथे काय होतं. लेस मात्र पासष्ट सेंटिमीटर आणली. कमी पडायला नको म्हणून.