मनगटावरचा आकडा

भूतखेत, करणी, अंगात येणं... असलं कोणी सांगू लागलं की मी उठून जातो. शिक्षण मराठी तिसरी, पण पाढे पक्के आणि डोकं शाबूत. हे वाचून हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं.

गाव म्हसावद. माझं लग्न नुकतंच झालेलं. बायकोच्या मनगटाभोवती गोंदण होतं. वेल नाही, तुळस नाही, नुसते ठिपके. एक, जरा जागा सोडून चार, मग दोन, आठ, पाच, सात... आणि फिरून तोच एक. बांगडीसारखं गोल. लहानपणी कोणा फिरस्त्या बाईनं गोंदलेलं.

माझी माय फटकळ. "हाई काय गोंदण शे? जशी कोंबडीनी चोच मारेल!" तिचं म्हणणं, मेल्यावर दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं बाईबरोबर जातं. सून देवापुढे असा वेडावाकडा हात नेणार? एका दुपारी तिनं गोंदणारीणच ओट्यावर आणून बसवली. "सर्वा टिपका सारखा करी दे."

बायकोनं हात पदराखाली लपवला. डोळे भरलेले. मला म्हणाली, "ऐकतस का... तुम्ही शाळामा जायेल शेतस ना? हाऊ आकडा मांडा. दुप्पट करा."

मी ओट्यावर कोळशानं मांडला — १४२८५७. माझा गुणाकार चालू, तोवर तिनं दोन ठिपक्यांवर बोट ठेवून मनगट फिरवत मोजलं : दोन, आठ, पाच, सात, एक, चार. माझं उत्तर आलं २८५७१४!

"तिप्पट?" बोट चारावर. ४२८५७१. बरोबर! चौपट, पाचपट, सहापट... दर वेळी तेच आकडे, तोच फेरा, फक्त सुरुवात निराळी. मी घामाघूम, आणि ही नुसतं बोट फिरवतेय.

"काय निंघनं रे?" माय म्हणाली. मी सांगितलं, एक ठिपका वाढवला तरी हे सगळं मोडेल. गोंदणारणीनं सुया गुंडाळल्या. पुढं मायच सुनेचा हात धरून गल्लीभर मिरवायची.

"आणि सातपट?" मी त्या दिवशी विचारलं होतं. तर हसली. "ती मन्हा मांगे करा." म्हणजे ती गेल्यावर.

जन्मभर केली नाही. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ती गेली. दागिने उतरवले, गोंदण गेलं तिच्याबरोबर. घरी येऊन त्याच ओट्यावर बसलो, कोळसा घेतला. सातपट.

९९९९९९.

सगळे सारखे. मायला पाहिजे होते तसे.

गावचे मास्तर म्हणतात, एकाला सातानं भागलं की हेच आकडे फिरत राहतात. असतील. आकड्याचं समजलं. पण जी शाळेची पायरी चढली नाही, तिला हे कुठून आलं? मला माहीत नाही, मास्तरांनाही नाही. तिलाच किती वेळा विचारलं, तुला कोणी शिकवलं? दर वेळी मान ताठ करून एकच उत्तर :

"कोन शिकाडी? हात मन्हाच शे ना."