दोनदा गाळलेली राख

मुरानो बेटावर काचेच्या भट्टीत लाकडं टाकणाऱ्याला कोणी अडवत नसे. काचेचं मिश्रण ठाऊक असलेल्या उस्तादाला मात्र बेट सोडायची बंदी. पळालाच, तर मागे राहिलेली बायको तुरुंगात. बास्त्यान लाकडं टाकायचा, म्हणून मोकळा होता.

पादोवा शहरात भिंगं घासणाऱ्या चुलतभावानं त्याला कामाला बोलावलं होतं. भिंगं बसवलेल्या नव्या नळीतून चंद्रावरचे डोंगर दिसतात म्हणे. बास्त्यानला ते पाहायचे होते. शनिवारची नाव ठरली. बायकोनं, ओर्सोलानं, पेटी बांधली. आधी त्यानं जायचं, बिऱ्हाड मांडलं की तिनं.

पण काच हिरवट का येते, हे कळल्याशिवाय त्याला चैन नव्हती. मिश्रणाच्या खोलीला कुलूप. मग काचेत पडणारी राख तो परसात उकळायचा. पाणी गाळायचं, आटवायचं, उरलेला खार पुन्हा विरघळवायचा. हात सोलवटले. एकदा कंटाळून घाईनं गाळलं, काच हिरवी आली. सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात. भट्टीच्या कोपऱ्यात तो आपली चिमुकली मूस ठेवायचा. उस्ताद हसायचे आणि ठेवू द्यायचे.

शुक्रवारी त्या मुशीतून निघालेली काच पाण्यासारखी स्वच्छ होती.

“दोनदा! राखेचं पाणी दोनदा गाळायचं!” तो सगळ्यांदेखत ओरडला.

फुंकणाऱ्यांच्या नळ्या थांबल्या. कारागीर संघाचा मुखिया वेत्तोर पुढे आला. काच उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला.

“कोणी शिकवलं रे?”

“कोणी नाही, मालक. माझं मीच.”

“गाढवा, मग मनातच ठेवायचं होतंस! आता अख्ख्या भट्टीनं ऐकलं.” वेत्तोरनं त्याला घट्ट मिठी मारली. “उद्या शपथ. आजपासून तू उस्ताद.”

“उद्या माझी नाव आहे, मालक.”

“होती.”

ओर्सोलानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “एक दिवस, अहो, एक दिवस तोंड मिटता आलं नाही?”

“कळल्यावर राहवलं नाही गं.”

“जा तुम्ही. मला टाकू देत तुरुंगात.”

“वेडी आहेस का?”

तरी सकाळी त्याचे पाय धक्क्याकडे वळले. नावाडी दोर सोडत होता. कालपर्यंत ढुंकूनही न पाहणाऱ्या पहारेकऱ्यानं टोपी काढली.

“उस्ताद, कुठं निघालात?”

“कुठं नाही.”

“चला, मग सोडतो.”

पहारेकरी कारखान्याच्या दारापर्यंत सोबत आला. बास्त्यान आत गेल्यावरच तो वळला.