फौजदारणीचा पहारा

दिवस कलायला लागला की आमची फौजदारीण अंगणात उभी राहून माणसांना हाका मारायची. "आप्पा, बॅटरी घेतली का? सोपाना, कुत्रं सोड. मामा, तुमी गोठ्याकडनं या." आणि यातला एकही माणूस वस्तीवर नसायचा. आप्पा म्हणजे माझा बाप, तो मरून वर्षं लोटली होती. सोपाना कोण ते मला आजवर कळलेलं नाही. वस्तीवर माणसं दोनच, ती आणि खाटेवर पडलेली माझी आई.

फौजदारीण म्हणजे माझी बायको. नाव गावानं ठेवलं. ती खुटबावची, मेंढरंवाल्याची लेक. तिच्या माहेरी माळावर पाल टाकलं की बाया अशाच नसलेल्या गड्यांना हाका मारायच्या, म्हणजे लांबून कानोसा घेणाऱ्याला वाटावं की इथं माणूस पुष्कळ आहे. तीच रीत तिनं आमच्याकडं आणली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण ती गेल्यापासून घरात बोलायला कोणी राहिलं नाही, म्हणून लिहितो.

नव्वद साल उलटून गेलं होतं. न्हावऱ्याहून दौंडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमची वस्ती, चहूबाजूंनी ऊस. त्या साली उसातल्या वस्त्यांवर दरोडे पडायला लागले. रानातली माणसं दिवेलागणीच्या आत जनावरं हाकत गावात जायची आणि शाळेत निजायची. आमच्या घरचं कोणी जायचं नाही, कारण आईचं अर्धं अंग लकव्यानं गेलेलं. एकदा तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेलं. सगळ्या गावादेखत तिचं हगणं-मुतणं काढायची पाळी आली, तेव्हा आई तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. फौजदारणीनं ट्रॉली तशीच माघारी वळवायला लावली. "चोर आलं तर भांडी न्हेतील," म्हणाली, "हितं तर म्हातारीची अब्रूच चालली." परत कधी नेलं नाही.

मी कुठं होतो? मी कंपनीच्या गेटवर. वॉचमन. रात्रपाळी असली की दुसऱ्याची भिंत राखायची आणि डोक्यात आपलं दार. आमच्या एका गेटला जेवढी माणसं, तेवढे पोलीस आमच्या सगळ्या भागाला नव्हते. गावात पोलिसांचं दूरक्षेत्र म्हणून एक खोली होती, तिला कायम कुलूप. सकाळी सायकल वस्तीकडं वळली की मी आधी चुलीचा धूर बघायचो. धूर दिसला की हँडलवरचे हात ढिले पडायचे. नाही दिसला तर पुढचं रान कसं तुडवलं, ते माझं मला आठवायचं नाही.

माझ्या नोकरीतली एकच गोष्ट तिला आवडायची, ती म्हणजे रिलीव्हर. दुसरा माणूस आल्याशिवाय वॉचमननं गेट सोडायचं नाही, आणि तो माणूस येतोच, असं मी एकदा सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "रोज येतो?" म्हटलं, रोज. "आन् न्हाई आला तर?" म्हटलं, तर साहेबाला जाब द्यावा लागतो. तेव्हापासून आईची कूस बदलताना ती आईलाच सांगायची, "आत्याबाई, माझा रिलीव्हर आज बी आला न्हाई बगा." आई अर्ध्या तोंडानं हसायची.

पाण्याच्या टाकीचा नारळ फोडायला आमदार आले. शेजारच्या वस्तीवरच्या गंगूला आईजवळ बसवून फौजदारीण तिथं गेली आणि भाषण चालू असतानाच उभी राहिली. सरपंच म्हणाला, वहिनी बसा, नंतर बोला. ही कसली बसते.

"आमदार सायेब, दूरक्षेत्राचं कुलूप कवा निघायचं?"

भरती झाली की माणूस देऊ, असं ते म्हणाले.

"आन् दुसरं. ह्यांच्या कंपनीत गेटला रिलीव्हर असतो. ज्या घरात खाटंवर माणूस हाय, त्या घरच्या बाईला का नसतो?"

मंडपातले लोक हसले. आमदार हसले नाहीत. घराबाहेर तुम्ही याआधी कधी पडला होता, असं त्यांनी विचारलं. तिनं आठवून बघितलं आणि म्हणाली, "आठवंना."

सभागृहात विचारतो, म्हणाले आमदार, आणि शब्दाला जागले. नागपूरच्या अधिवेशनात त्यांनी दोन्ही गोष्टी विचारल्या. पोलिसांच्या जागा किती आणि हजर माणसं किती, यावरून बाकीचे आमदारही उठले, मंत्र्यांना बराच वेळ खाली बसू दिलं नाही म्हणे. कार्यकर्त्यानं डेअरीवर सगळ्यांना उत्तर सांगितलं. दूरक्षेत्राला हवालदार मिळणार. दुसरी गोष्ट, म्हणजे आजारी माणूस सांभाळणाऱ्याला मदत. त्यावर मंत्री म्हणाले, आपल्या संस्कृतीत घरचीच माणसं सेवा करतात, सबब प्रश्न उद्भवत नाही.

मी घरी येऊन सांगितलं. ती आईची दुपटी पिळत होती. "मग संस्कृतीला म्हणावं, एक दिस येऊन म्हातारीला पालथी कर," म्हणाली आणि दुपटी वाळत घालायला गेली. पण हवालदार मिळणार म्हणून त्या दिवशी तिनं गोड केलं.

हवालदार आला. उतारवयाचा, मवाळ माणूस. कुलूप निघालं. मी गेटवर पहिल्यांदा नीट डबा खाल्ला. मग गावात कुजबुज उठली की हवालदार रोज शेवटच्या यष्टीनं दौंडला घरी जातो आणि सकाळी येतो. ऐकल्याबरोबर फौजदारीण त्याची हजेरी घ्यायला निघाली. मला वाटलं, आज त्याची टोपी उडवते. परत आली ती खाली मान घालून. त्याची बायको कमरेपासून गेलेली होती. दिवसा शेजारीण बघायची, संध्याकाळपासून कोणी नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, जावा तुमी. यष्टी चुकंल."

मी त्या दिवशी तिला नको ते बोललो. एवढं विधानसभेत भांडून आणलेला पोलीस, आणि ही त्याला गाडीत बसवून देते. तिनं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "त्या बाईची कूस कोण बदलंल? तुमी?"

पुढं महिनाभरातच एका सकाळी मी कामावरून येताना आमच्या वळणावर माणसं गोळा झालेली दिसली. धूर काही दिसेना. मी सायकल टाकून उसातनं आडवा पळालो. दारात ती उभी होती, धडधाकट. चूल पेटवायला तिला सवड झाली नव्हती, एवढंच. दरोडा गंगूच्या वस्तीवर पडला होता. माणसं शाळेत निजलेली म्हणून वाचली, पण घर धुऊन नेलं होतं.

पोलिसांचे मोठे साहेब जीपमधनं आले. हवालदार समोर उभा होता. गंगूच्या नवऱ्यानं सगळ्यांसमोर टोमणा हाणला, "फौजदारणी, तुझा फौजदार कुठं व्हता?" ती सरळ साहेबांपुढं गेली.

"त्यांना मी लावून दिलं. त्यांच्या जागी मी जागी व्हते. माझं नाव लिवा."

साहेब म्हणाले, बाई, तुम्ही पोलीस आहात का?

"न्हाई. पर तुमच्याकडं दुसरं कोण हाय?"

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. हवालदार निलंबित झाला, खोलीला पुन्हा कुलूप लागलं, आणि गंगूनं आमच्याकडचं येणंजाणं तोडलं. आता तासाभराला आईजवळ बसवावं असंही कोणी उरलं नाही. फौजदारणीनं त्याचं वाईट वाटून घेतलं, पण केलं ते चुकलं असं तिच्या तोंडून कधी आलं नाही.

पुढं आई वारली, ती आपल्याच खाटेवर, आपल्याच घरात. आलेल्या बाया म्हणाल्या, सुटलीस गं. हिनं त्यांना चहा दिला आणि गोठ्यात जाऊन रडली.

मी रिटायर होऊन कायमचा घरी आलो आणि थोड्याच दिवसांत तिलाच लकव्याचा झटका आला. मग मी तिची कूस बदलायला लागलो. मला ते जमत नव्हतं. ती खाटेवरून शिकवायची, "काखंत न्हाई, खांद्याखाली हात घाला. मी काय पोतं हाय?" मी झोपायला भ्यायचो. डोळा लागला आणि तिचा श्वास अडकला तर, म्हणून भिंतीला टेकून बसायचो. पुढं पुढं तिची जीभ जड झाली, तरी नजर माझ्यावर असायची.

एका दुपारी मी बसल्या बसल्या कलंडलो. तिनं धड असलेला हात हलवून मला खाली निजायची खूण केली. "जरा पडा," म्हणाली. "मी जागी हाय." म्हटलं, काही लागलं तर? "उठवीन की."

मी खाटेखाली घोंगडीवर आडवा झालो. किती दिवसांनी झोप लागली म्हणून सांगू. डेअरीच्या गाडीचा हॉर्न ऐकून उठलो, तर तिचा हात खाटेवरून खाली, माझ्या डोक्याजवळ आलेला. गार पडलेला. तिनं मला उठवलं नव्हतं.