बंदी असू द्या, शब्द खोडा

मांकाआजीची म्बेगे प्यायला नाही असा माणूस आमच्या किरेनी गावात शोधून सापडायचा नाही. केळी उकडायची, नाचणीचे मोड घालायचे आणि आंबवायची. करतात घरोघरी, पण आजीच्या हाताला जी चव होती ती होती. मी तिच्या शेजारीच बकऱ्याचं मांस भाजून विकतो, म्हणजे तिचं गिऱ्हाईक तेच माझं. वाळक्या भोपळ्याचा तुंबा भरला की आधी आजी स्वतः एक घोट घ्यायची, मग गिऱ्हाइकाला द्यायची. करणाऱ्यानं आधी प्यायचं, ही आम्हा चग्गा लोकांची रीत. तोच तुंबा पुढे बाकावरून हातोहात फिरायचा.

त्या साली खालच्या गावांत पटकी आली, माणसं गेली. आमच्या बाजारातल्या झाडाला कागद लागला: ‘घाणेरडी गावठी दारू विकण्यास बंदी.’ खाली आरोग्य अधिकारी मगांगाची सही.

माझं टाळकंच सटकलं. “फाडून टाकतो,” मी म्हणालो.

“हात तर लाव, एलिसान्ते,” आजी म्हणाली. “पटकी काय तुझा बाप आवरणार आहे?”

तिनं भरलेलं पिंप सगळ्यांदेखत मोरीत ओतलं. मग चर्चला नेसायची कांगा नेसली आणि मगांगाच्या कचेरीत गेली. तिच्या पाठोपाठ मीही.

“साहेब, म्बेगे उकडलेली असते,” ती म्हणाली. “दोष फिरत्या तुंब्याचा. ज्याचा त्याचा पेला ठेवला तर नाही भागणार?”

“केळी उकडता, पण वरून पाणी ओढ्याचंच घालता ना, आजी?”

आजीनं मान डोलावली. “हे पटलं,” म्हणाली. “बंदी असू द्या. पण ‘घाणेरडी’ खोडा. बंदी उठेल, कागदही निघेल. शब्द निघायचा नाही. माझ्या नातीला आत्ताच शाळेत घाणेरडीची नात म्हणतात.”

“कागद वरून मंजूर झालाय. मला एक अक्षर बदलता येत नाही.”

“मग मी बाहेर बसते. राग नाही हं, साहेब.”

ती कचेरीपुढच्या गवतावर तुंबा पालथा घालून बसली. दुसऱ्या दिवशी म्बेगे करणाऱ्या बाकीच्या म्हाताऱ्याही येऊन बसल्या. घोषणा नाही, शिवी नाही. मला तर हे बुळचटच वाटलं होतं. पण मगांगा पडला चांगल्या घरचा. वडीलधाऱ्या बाईला ‘शिकामू’, म्हणजे पाया पडतो, म्हटल्याशिवाय पुढे जायची त्याची टाप नव्हती. सकाळी आला की एकेकीपुढे वाकायचा, आणि एकेक म्हातारी ‘मराहबा, लेकरा’ म्हणून त्याच्या आईची, गुराढोरांची, त्याच्या मुलखातल्या, टबोरातल्या पावसाची चौकशी करायची. दारापर्यंत पोचेतो बिचाऱ्याला घाम फुटायचा. मला हसू आवरेना.

एका सकाळी तो वाकलाच नाही. सरळ बाजारात गेला. आम्ही सगळे मागे. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि झाडावरच्या कागदावरचा तो शब्द स्वतःच्या हातानं खोडला, असा की वाचताच येऊ नये.

“वरून विचारलं तर?” आजीनं विचारलं.

“बघू,” तो म्हणाला.

पटकी ओसरली, बंदी उठली. नियम नवा: पाणी उकळून घालायचं, पेला ज्याचा त्यानं आणायचा. आजीनं पिंप भरलं आणि दुकान उघडलं. कुणी येईना. जन्मभर फुकटात पिणारे समोरच्या ओट्यावर बसून आभाळ बघत होते. कागदावर खोडला तरी शब्द निघाला नव्हता. आजी बाकाकडे बघत बसली होती आणि मला त्या सगळ्यांना चुलीतल्या लाकडानं बडवावंसं वाटत होतं.

दुपारी मगांगा आला, कामाच्या कपड्यांतच. खिशातून पांढरा पत्र्याचा पेला काढून त्यानं पुढे केला. आजीनं तो भरला आणि ती रिवाजाप्रमाणे आधी आपल्या वाटीत घोटभर ओतून घ्यायला लागली. त्यानं तिचा हात धरला.

“असं नसतं, लेकरा. आधी मी प्यायचं, म्हणजे तुला भरवसा वाटतो.”

“भरवसा आहे, आजी,” तो म्हणाला आणि उभ्या उभ्या सगळा पेला प्यायला.

आजीनं कांगाचा पदर तोंडाला लावला. ओट्यावरची माणसं एकेक करत उठली आणि पेले आणायला आपापल्या घरी गेली. मी बघत राहिलो, आणि माझं चुलीवरचं मांस करपलं.