कुंकवाखालचे ठिपके

धावड्याच्या भुजंगरावांना लेकीचं काम कधी पुरतं उमगलं नाही, पण ऐकायला आवडायचं. दीपमाला विद्यापीठात नखाएवढ्या कपचीवर केसाहून कितीतरी पातळ थर चढवायची. विजेचा झटका दिला की थर ती खूण धरून ठेवतो, उलटा दिला की पालटतो. लाखो वेळा पालटला की मात्र थकतो. आतला प्राणवायू जागा सोडतो, त्या रिकाम्या जागा झटका द्यायला वर बसवलेल्या धातूच्या ठिपक्यांपाशी साचतात आणि थर अडकून बसतो. दीपमालानं ठिपकेच धातूऐवजी वेगळे केले होते, त्या रिकाम्या जागा पोटात घेणारे. आपला थर थकणार नाही, ही तिची पैज होती.

खंडेनवमीला बापाच्या औतांशेजारी पुजायला तिनं ती कपची डबीतून आणली. दसऱ्याच्या दुपारी भोकरदनच्या रस्त्यावर दीपमाला ट्रकखाली गेली. डबी देवघरातच राहिली.

सहा महिन्यांनी तिची मैत्रीण एकता आली. तशी दुसरी कपची कुणाला जमली नव्हती. तिनं आडपडदा ठेवला नाही. पारखायची तर थकेपर्यंत पालटावी लागेल, शाबूत राहील याची हमी नाही, म्हणाली. दीपमालाची आई दैवशालाबाई देवघराच्या दारात आडव्या बसल्या.

"पोरीची पैज अर्धी न्हाई ठेवायची," भुजंगराव म्हणाले. तेव्हा कुठं त्या उठल्या.

डबी उघडली तर कपची लालभडक. दैवशालाबाई रोज अंघोळ करून तिला ओलं कुंकू लावत होत्या. एकताचा चेहरा उतरला, पण शहाणी पोर, तिनं डबी हलकेच मिटून पिशवीत ठेवली.

भुजंगराव सोबत विद्यापीठात गेले. वाळलेलं कुंकू काढताना त्याबरोबर ठिपकेही खरवडून निघाले. कोपऱ्यातला एकच वाचला. धातूच्या ठिपक्यांचे थर दहा लाखाला थकायचे. हा दिवसभर पालटत राहिला, शंभर कोटी ओलांडूनही थकला नाही. भुजंगरावांना तिथंच रडू कोसळलं.

"काका, एका ठिपक्यावर कुणी भरवसा ठेवत न्हाई," एकता हळूच म्हणाली. "धा-वीस तरी लागतात."

डबी घेऊन ते घरी आले, तर दैवशालाबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. पोरगी बराबर होती का, एवढंच त्यांनी विचारलं.

"बिलकुल बराबर होती," भुजंगराव म्हणाले. कुंकवानं बाकीचे ठिपके आणि पुरावा गेल्याचं त्यांनी गिळलं. ते जन्मभर गिळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून दैवशालाबाईंनी डबी उघडली आणि कपचीला कुंकू लावलं. भुजंगराव बघत राहिले. आता अडवण्यात काही अर्थ नव्हता.