मिरच्यांना पाठ न लावता

“मन्ह्या मिरच्या! ओ भाऊ, मन्ह्या मिरच्यास्वर पडी ऱ्हायना ना तू! ऊठ! ऊठ आधी!”

भावजयीचा हा आवाज तापी ओलांडून गेला असणार, कारण पलीकडच्या काठावरचे बगळे उडालेले मी पडल्या पडल्या पाहिले. अंगण वाळत घातलेल्या मिरच्यांनी लालभडक झालं होतं, आणि कुशीवर निजून पाय वर-खाली करता करता मी उघड्या पाठीनिशी त्यांच्यावर कलंडलो होतो. चुरलेल्या मिरचीचं बी घामात कालवलं की काय होतं, ते ज्याच्या पाठीला कळलं त्याला नरकाची वर्णनं वाचायची गरज नाही. मी धावत जाऊन रांजणाला पाठ टेकवली, तर आतलं पाणी चहाला घ्यावं इतकं तापलं. भावजय म्हणायची, रांजण सकाळपासून उन्हातच होता. असेल.

आता एक धडधाकट पहिलवान बायकांच्या अंगणात निजून पाय का हलवत होता, ते सांगतो.

त्या वर्षी कापसाच्या भरल्या गाडीवरून मी खाली आलो. गाडी इतकी उंच भरली होती, की वरून नंदुरबारचं स्टेशन दिसत होतं आणि जरा टाचा उंचावल्या असत्या तर सुरतही दिसली असती. टाचा उंचावल्या, तिथेच घात झाला. पडलो तो डाव्या खुब्यावर. दुखणं महिन्याभरात गेलं, पण चाल गेली ती गेलीच. डावा पाय टेकला की उजवी कंबर खाली जायची. रस्त्यानं निघालो की तापीतली होडी बाजाराला चालली आहे असं वाटायचं.

आमच्या प्रकाशा गावच्या आखाड्यातले वस्ताद म्हणजे शब्दांचे कंजूष. दिवसभरात जेवढं बोलत, तेवढं मी एका जांभईत बोलतो. त्यांची एकच परीक्षा होती. पोराला लंगोटावर एका पायावर उभं करायचं, मागे जाऊन उकिडवं बसायचं आणि लंगोटाची कमरेवरची पट्टी पाहायची. पट्टी सरळ, तर कंबर शाबूत. पट्टी एका बाजूला झुकली, तर गडी मातीत उतरायचा नाही. मी डाव्या पायावर उभा राहिलो.

“पट्टी पडी ऱ्हायनी,” वस्ताद म्हणाले. “कुशीवर निज, पाय वर कर. ती सरळ व्हस नई तवलग फावडाले हात लावू नको.”

हे शेवटचं वाक्य मला चाबकासारखं लागलं. आमच्याकडे रिवाज असा, की आखाड्याची माती जो लढतो त्यानेच खणायची. फावडं हातात आलं म्हणजे तुम्ही आखाड्याचे. नाहीतर कडेला बसायचं, म्हाताऱ्यांच्या रांगेत, तंबाखू चोळत. शिवरात्रीची जत्रा जवळ आली होती आणि मी म्हाताऱ्यांच्या रांगेत होतो. तरण्याताठ्या वयात! तिथले एक आजोबा तर मला आपल्या संधिवाताचं औषधही सांगू लागले होते.

म्हणून मी घरी पाय उचलू लागलो. उचलले म्हणजे किती? गावातल्या सगळ्या मोटांच्या बैलांनी वर्षभरात टाकली नसतील इतकी पावलं मी अंगणात निजून टाकली. पाय असा वर जायचा की घारी वाट बदलून उडायच्या. डाव्या मांडीचा पुढचा भाग केळीच्या खांबासारखा फुगला. आणि पट्टी? जिथल्या तिथे, तिरपी.

मिरच्यांचं ते प्रकरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी भावजयीनं भिंत आणि मिरच्या यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा झाडून दिला. तिथे एक माणूस कुशीवर मावेल, आणि तोही श्वास जपून घेणारा.

“तुन्ही जागा हाई,” ती म्हणाली. “भिंतकडे तोंड कर. मिरच्यास्ले पाठ लागनी तर आज भाकर नई.”

भाकरीचा प्रश्न आल्यावर माणूस शिस्तीत निजतो. मी भिंतीकडे तोंड केलं, पाठ अशी ताठ ठेवली की जणू मागे वाघ बसला आहे, आणि पाय उचलला.

उचललाच नाही! वीतभर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. मला वाटलं, कुणीतरी करणी केली.

“काल तर आभायले लाथ मारी ऱ्हायंता,” भावजय मिरच्या उलटवत म्हणाली. “आज काय पाय गहाण टाका का?”

मी डावा तळहात खुब्यावर ठेवला होता आणि हाताखाली काहीतरी अजब चाललं होतं. खुब्याच्या हाडाच्या वर, जरा मागच्या अंगाला, मांसाचा एक लहानसा गोळा बेडकासारखा उडत होता. इतके दिवस तो कुठे होता? मी अगदी बोटभर मागे कललो, मिरच्यांना न लागता. बेडूक गप्प! आणि जांघेपाशी मांडीची पुढची दोरी टणक झाली. पुन्हा सरळ झालो, बेडूक जागा. मग पावलाची बोटं आभाळाकडे फिरवली, तर पुन्हा पुढची दोरी. बोटं भिंतीकडे धरली आणि टाच जराशी मागे नेली, तर बेडूक असा पेटला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची नसताना.

तेव्हा उलगडलं. मांडीचा तो पुढचा स्नायू म्हणजे पंगतीतला आगाऊ पाहुणा. जरा जागा दिसली की पाट ओढून बसतो, आणि ज्याच्यासाठी स्वयंपाक केला तो बिचारा उपाशी उठतो. मी मागे कलंडत होतो तितके दिवस मी त्या पाहुण्यालाच जेवू घालत होतो.

मग मला नादच लागला. पालथा निजून सरळ पाय उचलला, तर मांडीच्या मागच्या शिरा ओढल्या जायच्या. तोच पाय गुडघ्यात दुमडून उचलला, तर काम ढुंगणावर यायचं. बैठका मारताना छाती ताठ ठेवली की मांड्या पेटायच्या. थोडं पुढे वाकून कंबर मागे टाकली की आग मागच्या बाजूला सरकायची. पाय तोच, माणूस तोच. अंग जरा इकडचं तिकडे झालं की आत वेगळाच गडी कामाला लागतो. आपल्याच शरीरात इतके कामचुकार राहतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खांब धरून, खाटेला लटकून, म्हशीच्या गव्हाणीवर पोट टेकून प्रयोग केले. म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं.

“तुले व्हयनं काय?” भावजयीनं विचारलं.

“शोध लागला.”

“मंग तेवढा भिंतकडे सरकीसन लागू दे.”

रोज त्याच पट्ट्यात मी निजलो. पाय वीतभराचा दीड वीत झाला, त्यापुढे मी नेलाच नाही. कारण पुढे गेलं की कंबर मागे वळायची आणि पाहुणा पाट मागायचा. मिरच्या वाळून पोत्यांत गेल्या, तरी मी पाठीमागे मूठभर पसरून ठेवायला लावल्या. पहारेकरी म्हणून.

जत्रेच्या आधी मी आखाड्यात गेलो. म्हाताऱ्यांनी सरकून जागा केली. मी बसलो नाही. वस्तादांसमोर लंगोटावर उभा राहिलो, डावा पाय रोवला, उजवा उचलला आणि बोलायला लागलो. बेडूक सांगितला, पाहुणा सांगितला, टाच, बोटं, भिंत, बैठका, गव्हाण, सगळं. बोलता बोलता मला स्वतःलाच पटलं, की हे ऐकायला मुंबईहून मोठे डाक्टर गाडी भरून येतील. वस्ताद माझ्या मागे उकिडवे बसलेले होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. माझं पाऊल मातीत थरथरत होतं. त्या गोळ्यात आग पडली होती, पण मी पाय टेकवला नाही. तंबाखू चोळणारे हात थांबले.

“म्हणजे वस्ताद,” मी शेवटी धापा टाकत म्हणालो, “नुसतं कुशीवर निज म्हणून भागत नाही. कूस कशी, हेच सगळं आहे. काय म्हणता तुम्ही?”

वस्ताद उठले. गुडघ्यावरची माती झटकली.

“पट्टी सरळ शे,” ते म्हणाले. “फावडं ले.”